लाल टोपीची साक्ष

मेलेला माणूस खोटं बोलत नाही. जिवंतपणी त्याने हजार थापा मारलेल्या असोत, एकदा डोळे मिटले की त्याच्यापाशी सत्याखेरीज काही उरत नाही. स्वर्गाच्या दाराशी खोटेपणाचं गाठोडं बाहेरच ठेवावं लागतं; आणि म्हणून, बंधुभगिनींनो, मृतांचा शब्द हा पाषाणावर कोरलेला शब्द आहे.

हे वाक्य माझं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या वायराकोया गावच्या चर्चमध्ये मी ते वेदीवरून म्हणालो. मला ते इतकं आवडलं की लगेच पुन्हा एकदा म्हणालो. त्यामुळे पुढच्या बाकावरचे दोघे म्हातारे जागे झाले. वाक्याचा परिणाम तेवढाच झाला असं मी समजलो आणि निवांत जेवायला गेलो.

तीन दिवसांनी कळलं की मागच्या बाकांवरची मंडळी जागीच होती. गावाने माझं वाक्य उचलून एका कवटीला लावलं होतं, आणि त्या कवटीच्या शब्दावर माझ्या घंटावाल्याला, फेर्मीन काल्यिसायाला, गावाबाहेर काढायचं ठरवलं होतं.

कवटीचं असं, की आमच्याकडे बऱ्याच घरांत एखादी असते. जुन्या कबरी उकरल्या की बेवारशी डोकी निघतात. ती कुणीतरी घरी आणतं, नाव देतं, लोकरीची कानटोपी घालतं, पुढे फुलं आणि कोकाची पानं ठेवतं, दातांत सिगारेट पेटवून देतं. आम्ही त्यांना नकटे म्हणतो, कारण नाक हा अवयव त्या प्रवासात सगळ्यांत आधी सुटतो. एवढ्या सरबराईच्या बदल्यात नकट्याने घर राखायचं आणि अडल्या वेळी स्वप्नात येऊन सल्ला द्यायचा. प्रत्येकाचं खातं वेगळं. कुणी दुखणी बघतो, कुणी परीक्षा. आठ नोव्हेंबरला सगळे नकटे गाद्यागिरद्यांवर बसून चर्चपुढच्या चौकात येतात आणि मी त्यांना आशीर्वाद द्यावा अशी अपेक्षा असते.

चर्चचं मत असं की हे सगळं चूक आहे. बिशपसाहेबांचं तसं पत्र दर वर्षी सात तारखेला येतं. मी ते आदराने वाचतो, आणि आठ तारखेला पायऱ्यांवर उभा राहून पवित्र पाणी शिंपडतो. मी माणसांवर शिंपडतो. ते आणखी कुणावर उडतं हा पाण्याचा आणि वाऱ्याचा आपसातला प्रश्न आहे.

तर गुन्हा काय होता ते सांगतो. आमच्या चर्चमधला संत रोकेचा पुतळा उघडा गुडघा दाखवत उभा असतो आणि त्याच्या पायाशी लाकडी कुत्रा. कुत्र्याच्या तोंडात तळहाताएवढा चांदीचा पाव. तीन तारखेच्या सकाळी फेर्मीन धापा टाकत माझ्या दारात आला.

"फादर, कुत्र्याचं तोंड रिकामं आहे."

जाऊन पाहिलं. खरंच रिकामं होतं. कुत्रा इतका ओशाळलेला दिसत होता की पहिला संशय त्याच्यावरच जावा.

चर्चची किल्ली दोघांकडे. एक माझ्याकडे, एक फेर्मीनच्या गळ्यात. गावाने सौजन्य म्हणून मला वगळलं. उरला फेर्मीन. सत्तावन्न वर्षांचा, लग्न न झालेला, तीस वर्षं घंटा वाजवणारा. घंटेच्या चाकरीबद्दल गावाने त्याला दोन खोल्यांचं मातीचं घर आणि बटाट्याच्या शेताचा एक तुकडा दिलेला. चोर ठरला तर घर गेलं, तुकडा गेला, आणि या पठारावर दुसरं गाव चालत एका दिवसावर.

तरी नुसत्या किल्लीवरून कुणी त्याला काढलं नसतं. पाच तारखेला नेमेसियाबाईंना स्वप्न पडलं.

नेमेसिया लारुता चौकाच्या कोपऱ्यावर सकाळी जांभळ्या मक्याची गरम पेज विकतात. विधवा, वयाने फेर्मीनएवढ्याच, डोळ्यांत मोतीबिंदू, जिभेत नाही. त्यांच्या घरी दोन नकटे. लाल टोपीचे माकारियोबाबा, खातं चोऱ्यांचं. हिरव्या टोपीची कुमारी देल्फिना, खातं लग्नांचं. दोघांनाही काळा चष्मा, आणि तो सारखा घसरायचा. बोलता बोलता बाई बोटाने वर सारायच्या, तो पुन्हा खाली यायचा.

मी गेलो तेव्हा सार्जंट एदमुंदो पोमा पेजेचा पेला घेऊन तिथे बसलेच होते. ते म्हणजे गावचं संपूर्ण पोलीस खातं. दर सोमवारी ते लाल टोपीपुढे सिगारेट लावतात. आठवड्याचा तपास तिथेच संपतो.

"नेमेसियाबाई, नेमकं काय पाहिलंत?" मी विचारलं.

"लाल टोपी पाहिली, फादर. चेहरा अंधारात होता. फेर्मीनला मनगटाला धरून आणलं, त्याचा हात माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली. अशी."

"आणि बोलले काय?"

"काही नाही. बोलायचं काय त्यात? चोर हातात दिला."

"मुद्देमाल होता?"

"स्वप्नात मुद्देमाल कुठून आणणार? तुमचंही काहीतरीच."

सार्जंट पेला खाली ठेवून म्हणाले, "माकारियोबाबांचा शब्द आहे, फादर. वर्षभर मी त्यांच्याच शब्दावर चालतोय."

"सार्जंट, एका कवटीच्या सांगण्यावरून..."

"मृतांचा शब्द म्हणजे पाषाणावरचा शब्द," नेमेसियाबाई म्हणाल्या. "दोनदा सांगितलंत तुम्ही. मला पहिल्यांदाच पटलं होतं."

यावर मी पेज मागवली. दुसरं काय करणार?

गावसभा ठरली आठ तारखेला, नकट्यांचा आशीर्वाद आटोपला की, बाराच्या घंटेला. ती घंटा अर्थात फेर्मीनच वाजवणार होता. आमच्याकडे माणसाला हाकलायचं तरी वेळेवर हाकलतात.

त्याच संध्याकाळी मी फेर्मीनकडे गेलो. तो गाठोडी बांधत होता. सगळा संसार दोन घोंगड्यांत मावला होता आणि एका घोंगडीत जागा शिल्लक होती.

"तू चोरलास का रे पाव?"

"मला तसं आठवत नाही, फादर. पण नकट्याने सांगितलंय म्हणजे मीच असणार. घराची दोनदा झडती घेतली."

"कुणी?"

"मीच. काही सापडलं नाही. फार हुशारीने लपवलाय मी."

तीस वर्षं मी या माणसाला प्रामाणिकपणावर प्रवचनं ऐकवली. त्याची इतकी लागण होईल असं वाटलं नव्हतं.

"त्या दिवशी चर्चमध्ये आणखी कोण होतं? आठव."

"मृतांच्या दिवशी? सगळं गाव. मग गारा आल्या तेव्हा बॅन्डवाले आत आले, वाद्यं भिजू नयेत म्हणून. संत रोकेपाशी ठेवली होती. गारा थांबल्या, गेले. मग मी कुलूप लावलं." त्याने गाठोड्याची गाठ आवळली. "फादर, नव्या माणसाला सांगा, घंटेचा दोर थंडीत आखडतो. आधी दोन झटके द्यायचे, मग वाजते. नाहीतर तो दिवसभर ओढत बसेल बिचारा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एक कारण फेर्मीन. दुसरं असं की आठ तारखेच्या तालमीसाठी बॅन्ड माझ्या घरामागेच वाजवत होता आणि त्यातला मोठा ढोल विचित्र वाजत होता. एरवी तो 'ढम' म्हणतो आणि खिडक्या हलतात. यंदा कुणी घोंगडीत तोंड खुपसून खोकावं तसा आवाज. बॅन्डमास्तरांनी हवेला दोष दिला. मीही दिला. हवा बिचारी उत्तर देत नाही.

सहा तारीख मी प्रार्थनेत घालवली आणि सात तारखेला पोलीस चौकीत गेलो. म्हटलं, साक्षीदार खोटा ठरवायचा तर त्याच्या जुन्या साक्षी तपासाव्यात. सार्जंट पोमांनी वर्षभराची डायरी अभिमानाने पुढे केली.

"तीन अटका, फादर. तिन्ही माकारियोबाबांच्या कृपेने."

वाचली. पहिला, मास्तर आबुंदिओ: शाळेचं घड्याळ. दुसरा, होडीवाला कासियानो: मेंढ्या. तिसरा, पाववाला तेओफिलो: सायकल.

"घड्याळ मिळालं का?"

"ते दुरुस्तीला टाकलेलं होतं. नंतर आठवलं सगळ्यांना."

"मेंढ्या?"

"स्वतःच परत आल्या."

"सायकल?"

सार्जंट खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चौकीमागे होती. मीच लावली होती. पण फादर, बाबांनी तिघांनाही मनगट धरून आणलं होतं नेमेसियाबाईंच्या स्वप्नात. काहीतरी असणारच त्यांच्यात."

काय असणार? तिघेही न पिणारे, आईच्या पाया पडणारे, स्वतःचे कपडे स्वतः धुणारे. तिघेही अविवाहित. अशी मुलं आमच्या पठारावर एकूण तीनच होती आणि सार्जंटनी तिघांनाही एकेक आठवडा कोठडीत ठेवून वेचून काढलं होतं. हे माझ्या डोक्यात कुठेतरी अडकलं, पण काय अडकलंय ते कळेना. दाताच्या फटीत मांसाचा धागा राहावा तसं.

आठ तारीख उजाडली. चौक भरू लागला. टोपल्यांत, पेट्यांत, मखमली उशांवर नकटेच नकटे. फुलांचे मुकुट, सिगारेटींचा धूर, बॅन्ड, आणि त्या बॅन्डमधला पडसं झालेला ढोल. साडेअकरा वाजले होते. मी बिशपसाहेबांचं पत्र ठेवायला कपाट उघडलं, आणि वरच्या फळीवरून लग्नांची नोंदवही माझ्या पायावर पडली. अंगठ्यावर. ती उचलताना यंदाचं पान उघडं राहिलं.

वर्षात तीन लग्नं. तिन्ही मीच लावलेली. पहिला नवरदेव आठव्या दिवशी बायकोचं शिवणयंत्र घेऊन पसार. दुसऱ्याने सासऱ्याच्या कळपातले अकरा लामा सीमेपलीकडे नेऊन विकले. तिसरा ओरुरोच्या तुरुंगात आहे, गॅसच्या टाक्यांपायी. तिन्ही नवऱ्या मला म्हणाल्या होत्या: फादर, आम्ही मनाने नाही निवडला, कुमारी देल्फिनेला विचारलं, तिनेच दाखवला.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात हे ठाऊक होतं. पण नकटीने जुळवलेल्या एकूण एक लग्नात नवरा चोर निघावा?

मी नोंदवही मिटली. पुन्हा उघडली. एकीकडे वर्षभर तीन उत्तम नवरदेव कोठडीत गेले होते. दुसरीकडे तीन पक्के चोर माझ्यापुढे येऊन, अंगठी घालून, सुखात नांदा असा आशीर्वाद घेऊन गेले होते. दोन्ही खाती चोख चालली होती. फक्त निकाल चुकीच्या खिडकीतून मिळत होते.

घंटाघराला एकशे बारा पायऱ्या आहेत. माझं वय एकसष्ट. मी त्या कशा चढलो हे माझ्या गुडघ्यांना विचारा, मला आठवत नाही. फेर्मीन वर दोराशी बसला होता, गाठोडी पायाशी. घंटा वाजवून थेट निघायचं म्हणून वरच घेऊन आला होता.

"फेर्मीन," मी श्वास गोळा करत म्हटलं, "गेल्या वर्षी. आठ तारखेला. नेमेसियाबाईंच्या नकट्यांच्या टोप्या. काही झालं होतं?"

तो विचारात पडला. "वारा होता, फादर. तुम्ही पाणी शिंपडत होता आणि मोठी झुळूक आली. दोघांच्या टोप्या उडाल्या, चष्मे उडाले. बाईंना दिसत नाही फारसं, त्या नुसत्या 'धर, धर' म्हणत होत्या. मीच धावलो. एक खांबाशी सापडली, एक बॅन्डच्या कर्ण्यात."

"आणि घातल्या कुणी?"

"मीच. नीट घातल्या, कानांवर ओढून."

"कुठली कुणाला?"

फेर्मीन माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचं तोंड हळूहळू उघडलं आणि संत रोकेच्या कुत्र्यासारखं तसंच राहिलं.

"किती वाजले?" मी विचारलं.

"बाराला दहा कमी."

"आज बारा वाजवू नकोस."

"फादर, तीस वर्षांत एकदाही..."

"फेर्मीन. दोर आखडलाय असं समज."

मी खाली उतरलो. पायऱ्या तेवढ्याच होत्या, पण या खेपेला त्या माझ्या बाजूच्या होत्या. नेमेसियाबाई पहिल्या रांगेत होत्या. जांभळ्या उशीवर दोघे, लाल आणि हिरवा, चष्मे नाकापर्यंत, म्हणजे जिथे नाक असतं तिथपर्यंत, घसरलेले. शेजारी सार्जंट, कडक गणवेशात.

"नेमेसियाबाई, मला या दोघांच्या टोप्या काढून बघायच्या आहेत."

"का हो? तुमच्या घरी पाहुणा आला तर तुम्ही त्याची टोपी काढून टक्कल बघता?"

"माकारियोबाबांना तुमच्या यजमानांनी आणलं तेव्हा काही खूण होती का?"

"होती तर. कपाळावर भेग. चोराने दगड घातला होता, त्यातच गेले. म्हणून तर चोरांवर राग."

"आणि देल्फिना?"

"तिचं कपाळ आरशासारखं. अर्ध्या गावाच्या नजरेत भरायचं म्हणे."

"शेवटचं कधी पाहिलंत ती भेग?"

बाईंनी लाल टोपी घट्ट धरली. टोपी काढायची नाही हा नियम त्यांनी बारा वर्षं पाळला होता; आणि काढली असती तरी मोतीबिंदूतून काय दिसणार होतं? भोवती लोक जमू लागले. सार्जंट म्हणाले, "फादर, बारा होत आले. आशीर्वाद द्या, सभा सुरू करू."

मी पायरीवर चढलो. लोकांना वाटलं आशीर्वाद. बॅन्ड थांबला. सगळ्यांनी नकटे वर उचलले.

"मेलेला माणूस खोटं बोलत नाही," मी म्हणालो. माना डोलल्या. "पण कोर्टात सुद्धा साक्षीदाराला आधी नाव विचारतात. आपण टोपीला विचारलं. टोपीला कुणीही डोकं देतं."

आणि मी लाल टोपी उचलली.

कपाळ गुळगुळीत. अंड्यासारखं. एकही ओरखडा नाही.

नेमेसियाबाईंनी तळहाताने ते चाचपलं, एकदा, दोनदा. मग स्वतःच्याच हाताने हिरवी टोपी काढली. भेग भुवईपासून टाळूपर्यंत, बोट जाईल एवढी. बाईंचं बोट त्यात गेलं आणि तिथेच थांबलं.

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षभर तुम्हाला पोरींची लग्नं जमवायला बसवलं मी."

चौकात इतकी शांतता पसरली की सिगारेटी जळताना ऐकू येत होत्या. मग मागून एक बाई म्हणाली, ती शिवणयंत्रवाली, "म्हणजे माझा नवरा मला नवरा म्हणून दाखवलाच नव्हता?"

"नाही, पोरी."

"चोर म्हणून दाखवला होता?"

"हो."

"आणि मी म्हटलं काय रुबाबदार आहे," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

मास्तर आबुंदिओ, होडीवाला आणि पाववाला वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे होते. चौकातल्या सगळ्या मुली एकाच वेळी त्या तीन कोपऱ्यांकडे बघू लागल्या. तिघे कोठडीत घाबरले नसतील इतके आता घाबरले.

"सार्जंट," मी म्हटलं, "आता प्रश्न साधा आहे. पाव गेला दोन तारखेला. त्यानंतर हिरव्या टोपीला कुणी काही विचारलं? कारण हिरव्या टोपीखाली तुमचे माकारियोबाबा होते. त्यांनी ज्याला दाखवलं असेल, तो चोर."

सार्जंट पोमांचा चेहरा पांढरा पडला. उत्तर त्यांच्यामागून त्यांच्या बहिणीने दिलं. बेनिता पोमा चौतीस वर्षांची, चीज विकते. तिच्या हाताचं चीज आणि बोलणं, दोन्ही घट्ट.

"मी विचारलं होतं, फादर. चार तारखेला सिगारेटी ठेवल्या, त्याच रात्री स्वप्न पडलं. नाताळाला लग्न ठरवलंय आम्ही."

"कोण दाखवला?"

"रिगोबेर्तो."

रिगोबेर्तो चुरा बॅन्डमध्ये उभा होता. मोठा ढोल त्याच्या पोटावर होता, आणि तो एक एक पाऊल मागे सरत होता. ढोल पोटावर असलेल्या माणसाला गर्दीतून गुपचूप निसटता येत नाही. चौथ्या पावलाला तो झांजवाल्यावर आदळला.

"थंडीने बसलाय आवाज," कुणी विचारलं नसताना तो म्हणाला. "ढोलाचा. हवा खराब आहे."

गारांच्या वेळी वाद्यं संत रोकेपाशी ठेवली होती. सहा दिवस तो ढोल माझ्या खिडकीखाली खोकून खोकून सांगत होता आणि मी हवेला दोष देत होतो.

"सार्जंट, तो ढोल उघडा," मी म्हटलं.

"फादर, तो माझा होणारा मेहुणा आहे. कातडं फाटलं तर आहेर म्हणून मलाच नवं द्यावं लागेल."

"दादा, सरक," बेनिता म्हणाली. तिने कमरेची चीज कापायची सुरी काढली आणि शांतपणे होणाऱ्या नवऱ्यापुढे उभी राहिली. "लग्नाआधी आत काय आहे ते बघितलेलं बरं. आई नेहमी म्हणायची."

"बेनिता, मी सांगतो तुला, ते असं झालं की..."

"हात वर घे रे. बोटं मध्ये येतील."

तिने वरपासून खालपर्यंत एकच चीर दिली. आत लोकरीचं लाल फडकं होतं. फडक्यात संत रोकेच्या कुत्र्याचा पाव.

त्यानंतर जे झालं त्याला मी आशीर्वाद म्हणणार नाही. सगळे एकदम बोलू लागले. कर्णेवाले कारण नसताना वाजवू लागले. रिगोबेर्तो फाटका ढोल गळ्यात घालून पळाला. कोपऱ्यावर पेजेच्या हंड्याला अडखळला, आणि सार्जंट पोमांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही स्वप्नाशिवाय एका चोराला पकडलं. त्याला धरून ते जरा वेळ गोंधळलेले उभे होते. इतकं सोपं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी घंटाघराकडे वर पाहून हात केला. तिथून फेर्मीनचं डोकं बाहेर आलं.

"ये खाली. सापडला."

"कोण सापडला?"

"तू सोडून दुसरा."

तो आला, दोन्ही गाठोडी घेऊनच. वरून सगळं दिसलं असेल, पण विश्वास बसेपर्यंत सामान सोडायचं नाही असा त्याचा बाणा. लोकांनी वाट करून दिली. काहींनी पाठ थोपटली. ज्यांनी सभेत पहिला हात वर करायचं ठरवलं होतं त्यांनी जरा जास्त जोरात थोपटली.

नेमेसियाबाई दोघांना ज्याची त्याला टोपी घालत होत्या. लाल टोपी माकारियोबाबांना. हिरवी देल्फिनेला. हिरवी ओढून बसवताना त्या थबकल्या.

"फादर, म्हणजे माझ्या स्वप्नात जी आली ती..."

"कुमारी देल्फिना."

"लग्नाच्या खात्याची."

"तीच. लाल टोपीत."

"आणि तिने फेर्मीनचा हात माझ्या हातात दिला."

मेलेल्या माणसाच्या साक्षीवर भाष्य करायची खोड मी त्या दिवशी सोडली. पण शेजारच्या पाचसहा बायकांनी ते ऐकलं, आणि पाचसहा बायकांनी ऐकलं म्हणजे मागच्या रांगेलाही कळलंच. फेर्मीन दोन्ही हातांत गाठोडी धरून उभा होता. कानापर्यंत तांबडा.

नेमेसियाबाईंनी त्याच्याकडे, निदान त्याच्या दिशेने, पाहिलं.

"सामान बांधलेलंच आहे ना?"

"हो."

"मग आता घरी नेऊन सोडायचं, पुन्हा बांधायचं, कशाला तो खटाटोप? माझं दार या चौकातच आहे."

फेर्मीनने माझ्याकडे बघितलं. मी चर्चच्या उघड्या दारातून संत रोकेकडे बघितलं. संत रोके गुडघा दाखवत होता.

"घंटेचं काय?" फेर्मीन म्हणाला.

"तिथून सुद्धा ऐकू येते घंटा. चल."

बारा वाजवायचे राहून गेले होते. ते फेर्मीनने पावणेदोनला वाजवले, सगळे बाराच्या बारा. सभेला कुणी गेलं नाही.

दुपारी मी पाव कुत्र्याच्या तोंडात बसवला, चुन्यो, म्हणजे वाळवलेले बटाटे, घातलेलं चायरोचं गरम सूप दोन वाट्या प्यालो, आणि उन्हात खुर्ची टाकून बसलो. डोळा लागला असावा. अंगणातून कुणीतरी चालत येत होतं. लाल टोपी. टोपीखाली भुवईपासून वर गेलेली भेग. तो समोर येऊन उभा राहिला आणि त्याने टोपी अदबीने हातात घेतली.

एकसष्ट वर्षांचा मी. तीस वर्षं वेदीवरून पलीकडच्या गोष्टी सांगितल्या. पलीकडून आलेला माणूस मात्र पहिल्यांदाच भेटत होता. किती प्रश्न होते माझ्याकडे. तिथे न्याय आहे का? तिथे आपली माणसं भेटतात का? आम्ही सांगतो त्यातलं निदान अर्धं तरी खरं आहे का? पहिला कुठला विचारावा हे ठरवायच्या आत त्यानेच सुरुवात केली.

"फादर," तो म्हणाला, "बारा वर्षांपासून कुणाला तरी सांगायचं होतं. तुमच्याखेरीज ऐकेल असं कुणी दिसेना."

"बोला बाबा," मी कसाबसा म्हणालो.

"तो चष्मा. आम्हाला कान नाहीत, त्यामुळे सारखा घसरतो. मागून बांधायला एखादं रबर असेल तर बघा ना."